भूतकाळ कळतो तो कसा? बडोद्याच्या उदाहरणांनिशी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाचे व्याख्यान संपल्यावर, घरातली जुनी कागदपत्रे चाळताना किंवा पुण्यतिथीच्या तारखेवरून वाद पेटला की बडोद्यात काही प्रश्न हमखास निघतात. वरकरणी ते एखाद्या माणसाविषयी किंवा लढाईविषयी असतात. पण जरा खोदले की खाली एकच प्रश्न निघतो: हे तुम्हाला कळले कसे, आणि किती खात्रीने? पुढची उत्तरे शक्यतो गायकवाडी मुलखातलीच उदाहरणे घेऊन दिली आहेत.

घडून गेलेले पुन्हा पाहता येत नाही. मग ते ‘कळते’ असे कसे म्हणायचे?

घटना गेली, पण तिच्या खुणा आज आपल्यासमोर आहेत. कागद, ताम्रपट, नाणी, विटांचा थर, गावाचे नाव, एखादा शब्द. इतिहासकार भूतकाळ पाहत नाही. तो आजच्या या खुणा पाहतो आणि विचारतो की ही खूण आज इथे असायला त्या वेळी काय घडलेले असावे लागेल? ज्या उत्तराने जास्तीत जास्त खुणांचा उलगडा होतो आणि ज्याच्या आड एकही पक्की खूण येत नाही, ते उत्तर धरायचे. नवी खूण आड आली तर सोडायचे.

इ.स. ८१२ चा राष्ट्रकूटांच्या काळातला एक दानपत्राचा ताम्रपट आहे. त्यात ‘वडपद्रक’ हे गाव दान दिल्याचा उल्लेख येतो; ते अंकोट्टकाला, म्हणजे आजच्या अकोट्याला, जोडलेले होते. यावरून पुष्कळ लोक ‘बडोदे ८१२ साली वसले’ असे लिहितात. ताम्रपट तसे म्हणतच नाही. दान द्यायला गाव आधी असावे लागते, त्याला नाव असावे लागते, त्याच्या चतुःसीमा लोकांना ठाऊक असाव्या लागतात. तेव्हा या पुराव्यातून निघते ते एवढेच की ८१२ पूर्वी कधीतरी हे गाव होते. पहिला उल्लेख म्हणजे जन्म नव्हे. ही चूक फार होते, आणि ती माहितीच्या अभावाने होत नाही. पुरावा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे न पाहिल्याने होते.

म्हणजे शेवटी अंदाजच ना?

अंदाज आणि अनुमान यांत फरक आहे. अनुमानाची कारणे दाखवता येतात, दुसऱ्याला ती तपासता येतात आणि त्याचे वजन सांगता येते. आम्ही चार पायऱ्या वापरा असे सुचवतो: निश्चित, बहुधा, शक्य, अनिर्णित. प्रत्येक विधान यांपैकी कुठल्या पायरीवर उभे आहे हे लिहायची सवय लागली की निम्मे वाद आपोआप मिटतात, कारण बहुतेक भांडणे ‘शक्य’ला ‘निश्चित’ म्हटल्यामुळे होतात.

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावरचा विषप्रयोगाचा खटला घ्या. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फिरून आल्यावर रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी सरबताचे दोनचार घोट घेतले, त्यांना मळमळले, आणि उरलेले टाकून देताना तळाशी गाळ दिसला. रासायनिक तपासणीत सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड सापडली असा अहवाल आला. चौकशीसाठी सहा जणांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच, आणखी दोन इंग्रज अधिकारी, आणि तीन हिंदी सदस्य: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. सर्वांनी तेच साक्षीदार ऐकले, तेच कागद पाहिले. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध झाला असे वाटले; विषप्रयोगामागे मल्हाररावांचा हात होता हे सिद्ध होत नाही, असा तिघा हिंदी सदस्यांचा कौल पडला.

आता पायऱ्या लावून पाहा. फेअर यांना त्या दिवशी त्रास झाला आणि आयोग तीन-तीन असा फुटला, हे निश्चित. पेल्यात विष होते, हे बहुधा. कारण रासायनिक अहवाल आहे, पण पेला सकाळपासून तपासणीपर्यंत किती हातांतून गेला हा प्रश्न राहतो. रेसिडेन्सीच्या नोकरांना राजवाड्यातून पैसे मिळत होते, हेही बहुधा. पण असे पैसे बातमी काढण्यासाठी दिले जात, त्यावरून विषाचा पुरावा होत नाही. विष मल्हाररावांच्या सांगण्यावरून घातले गेले, ही गोष्ट मात्र मुख्यतः अशा माणसांच्या जबानीवर उभी आहे ज्यांना ती जबानी देण्यात स्वतःचा लाभ होता. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले होते. त्यामुळे ते खोटेच बोलले असे ठरत नाही. पण त्यांच्या शब्दाला दुसरा स्वतंत्र आधार हवा, आणि तो नेमका निर्णायक मुद्द्यावर कमी पडतो. आमच्या मते हा भाग ‘अनिर्णित’ आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच नोव्हेंबरच्या आरंभी मल्हाररावांनी फेअर यांना हलवण्याची लेखी मागणी व्हाइसरॉयकडे केली होती. एक जण म्हणतो, पाहा, वैर होते, हेतू सिद्ध झाला. दुसरा म्हणतो, रीतसर अर्ज केलेला माणूस आठवड्याभरात विष कशाला घालील? एकच तथ्य दोन्ही बाजूंना तितकेच लागू पडत असेल तर त्याला पुरावा म्हणून वजन नसते, ते कितीही नाट्यमय असले तरी. मोडी कागदांच्या अभ्यासापेक्षाही हे एक तत्त्व आधी शिकावे.

मग मल्हाररावांना पदच्युत केलेच कसे?

आयोगाच्या निकालावर नव्हे. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने त्यांना गादीवरून दूर केले ते गैरकारभार आणि अपात्रता या कारणांवर. ‘विष घातल्याबद्दल राज्य गेले’ हे वाक्य म्हणून चुकीचे आहे. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: काय घडले, आणि सत्तेने त्याचे काय कारण लिहून ठेवले. हुकूमनाम्यात लिहिलेले कारण हे कारणाविषयीचा पुरावा असते, खुद्द कारण नव्हे.

न्यायाधीश आणि इतिहासकार यांच्या कामात फरक कोणता?

न्यायाधीशाला ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावाच लागतो, आणि शंकेचा फायदा आरोपीला जातो. इतिहासकाराला निकालाची सक्ती नाही. ‘उपलब्ध साधनांवरून ठरत नाही’ हे त्याचे पूर्ण उत्तर असू शकते. पण त्याला शंकेचा फायदा कोणालाच देता येत नाही. शिवाय न्यायालयासमोर साक्षीदार उभा असतो, त्याला उलटतपासणीत अडवता येते. कागदाला विचारलेला प्रश्न कागद ऐकत नाही; म्हणून तीच उलटतपासणी दुसऱ्या कागदांकडून करून घ्यावी लागते.

एखादी गोष्ट मानायला किती साधने पुरतात?

संख्येपेक्षा स्वातंत्र्य पाहा. एका बखरीवरून उतरवलेल्या पाच बखरी म्हणजे एकच साक्ष. दोन साधनांत एकच विचित्र चूक, एकच गाळलेले नाव किंवा तोच चुकीचा वार आढळला तर ती एकमेकांवरून किंवा एकाच मूळ प्रतीवरून उतरली असण्याची शक्यता बळावते.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद स्वतंत्र साक्षींमुळेच पुढे सरकला. बखरींतून शके १५४९ ची वैशाखातली तिथी रूढ होती. पुढे जेधे शकावली, म्हणजे जेधे देशमुखांच्या घरची सालवार टिपणे, १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथी आहे. परमानंदाच्या संस्कृत काव्यात तीच तिथी निघाली. जोधपूरच्या संग्रहातली कुंडलीही तिच्याशीच जुळली. मावळातल्या देशमुखाच्या घरची टिपणे, दरबारी कवीचे काव्य आणि राजपुतान्यातल्या ज्योतिषाचे कागद या तिघांनी संगनमत केले असण्याची शक्यता जवळजवळ नाही. खात्री येते ती अशी, वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचल्यामुळे.

बखरी सरसकट खोट्या असतात का? ‘ध’चा ‘मा’ झाला की नाही?

बखर बहुधा घटनेनंतर बऱ्याच काळाने, कोणाच्या तरी आज्ञेवरून, कोणाला तरी समजावण्यासाठी लिहिलेली असते. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांच्या आत, राजारामांसाठी लिहिली गेली; ती या प्रकारातली जवळची आणि म्हणून मोलाची. वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला तो योग्यच होता. पण बखर टाकून द्यायची नसते, तिला वेगळा प्रश्न विचारायचा असतो. १७६१ साली काय झाले हे बखर कच्चे सांगेल; पुढच्या पिढीला ते कसे आठवत होते, कोणावर दोष ठेवावासा वाटत होता, हे ती फार चांगले सांगते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हे निश्चित. खुनाच्या दोषातून रघुनाथराव सुटत नाहीत, हेही समकालीन चौकशीवरून भक्कमपणे म्हणता येते. आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही मात्र कथा आहे. तो बदल केलेला कागद समोर ठेवून ती कोणी सांगत नाही. ती इतकी टिकली याचे कारण तिच्यात आहे: एका अक्षरात सगळा दोष एका बाईवर जातो आणि मारेकरी, गारदी, पैसे, दरबारातले गट हे सारे मागे पडते. लक्षात ठेवायला फार सोपी असलेली गोष्ट आली की तिथे थांबून मूळ कागद मागा. रघुनाथराव पुढे गुजरातेत आले, मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला, मे महिन्यात आणंदजवळ अडासला लढाई झाली आणि गायकवाडांची घरगुती भाऊबंदकी त्यात ओढली गेली. या सगळ्याला अस्सल पत्रे आहेत, आणि अक्षराच्या कथेपेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळते.

सर्वांत विश्वासार्ह साधन कोणते?

सर्वसाधारण उत्तर द्यायचेच तर जे आपल्याला पटवण्यासाठी लिहिलेले नाही ते. मुदपाकखान्याचा हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला दोनशे वर्षांनी कोणी धान्याचे भाव शोधील हे स्वप्नातही नव्हते. त्याला लबाडी करायचीच असेल तर तो तुपाच्या वजनात करील, दुष्काळ पडला की नाही यात नाही. म्हणून पागेचा दाणा, कासदांचे पगार, देवस्थानाची तेलवात अशा नोंदी सोन्याच्या मोलाच्या असतात.

पत्रातही अशी अजाणता साक्ष असते. पत्राच्या पाठीवर किंवा वरच्या बाजूला पुष्कळदा ‘पैवस्ती’ असते, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. लिहिल्याची तारीख आणि पैवस्ती यांतले अंतर मोजले की बातमी किती दिवसांनी पोचली ते कळते, आणि मग एखाद्या सरदाराने ‘त्या दिवशी’ निर्णय घेताना त्याला काय ठाऊक होते नि काय नव्हते हे ठरवता येते. आपल्याला शेवट माहीत असतो, त्याला नव्हता. इतिहास वाचताना ही एक गोष्ट सतत निसटते.

एकाच घटनेच्या दोन-तीन तारखा का सापडतात?

बहुतेक वेळा कोणीही खोटे बोललेले नसते, कालगणना वेगळ्या असतात. मराठी कागदात निदान चार चालतात.

शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९. पानिपतची तिथी शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार. पौष जानेवारीत आलेला, म्हणून १६८२ अधिक ७९, १७६१; दिवस १४ जानेवारी. इथे ७८ मिळवणारा माणूस लढाई एक वर्ष आधी नेऊन ठेवतो.

सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, एकक आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सन ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलते. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ‘सितैन’ आणि ‘सबैन’ यांत घसरलेल्या कारकुनाच्या हातून दहा वर्षे सहज सरकतात.

‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याचा दिवस. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून त्यात ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, तारखा जुळवून दिलेली जंत्रीच हवी. शिवाय हा दिवस सूर्यास्ताला बदलतो. रात्री घडलेल्या गोष्टीत एका दिवसाचा फरक पडणारच.

आणि इंग्रजी तारीख म्हणून निर्धास्त राहू नका. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदलले, २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर आली. त्याआधी त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणजे सुरतेच्या वखारीतले ‘फेब्रुवारी १७३९’ हे आपले फेब्रुवारी १७४०. पोर्तुगीज मात्र आधीच नव्या गणनेवर होते. बाजीराव पेशव्यांचा मृत्यू रावेरखेडीला शके १६६२, वैशाख शुद्ध १३ ला झाला. पुस्तकांत २८ एप्रिल १७४० येते ती जुन्या गणनेने, नव्या गणनेने ती ९ मे होते. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती एका पानावर जुनी आणि दुसऱ्या पानावर नवी गणना वापरून मधले दिवस मोजताना.

तारीख ताडून पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे वार. तिथी, वार आणि छ हे तिन्ही जुळले तर तारीख पक्की. वार चुकला तर आधी वाचनाची चूक शोधा, मग नकलाकाराची, आणि अगदी शेवटी बनावटीचा संशय घ्या.

मोडी वाचनात चुकीला वाव किती?

बराच. आधी पूर्ण रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे टांगलेली, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तोडायचा हे वाचणारा ठरवतो, म्हणजेच अर्थ लावण्याचे काम वाचनातच सुरू होते. ‘आधी तथ्य, मग अर्थ’ अशी स्वच्छ फाळणी मोडीच्या पहिल्याच ओळीत मोडते. आकड्यांत तर जास्तच सांभाळावे. ‘५।।’ म्हणजे साडेपाच; घाईत वाचणारा त्याचे ५११ करतो आणि मग गावाचा वसूल शंभरपट फुगतो.

नियम साधा आहे. कागदाचा फोटो बाजूला मोजपट्टी ठेवून काढा. ओळीस ओळ लिप्यंतर करा, मनाने शुद्ध करू नका. शंकास्पद अक्षर कंसात ठेवा. दोन दिवसांनी पहिले लिप्यंतर न पाहता पुन्हा वाचा आणि दोन्ही ताडून पाहा. जिथे फरक पडतो तिथेच पुढचा वाद दडलेला असतो.

कागद बनावट आहे हे कसे ओळखतात?

बनावट करणाऱ्याला आपल्या काळातले सगळे विसरता येत नाही, त्यामुळे कुठेतरी पुढचा काळ मागे झिरपतो. त्या साली नसलेला किताब, मरून गेलेला कारभारी, नंतर रूढ झालेला फारसी किंवा इंग्रजी शब्द, चुकीच्या धन्याचा शिक्का. विलायती कागद असेल तर उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहा. १७९४ नंतर त्यात साल घालण्याची पद्धत पसरली. १७९० च्या पत्राच्या कागदात १८०१ दिसले तर ते मूळ नव्हे. पण नक्कल म्हणजे बनावट नव्हे. दफ्तरात नकला रीतसर ठेवल्या जात. इनामाच्या वादासाठी रचलेला खोटा कागदही उपयोगी पडतो: ज्या साली तो रचला त्या साली कोणाला काय हवे होते, याची ती अस्सल साक्ष आहे.

सैन्याचे लाखांचे आकडे खरे मानायचे का?

पोट मोजा. घोड्याला दिवसाला ढोबळमानाने ३ किलो दाणा धरला तर ५० हजार घोड्यांना रोज १५० टन लागेल. लादणीचा बैल १२० किलो नेतो असे धरले तर फक्त एका दिवसाच्या दाण्याला साडेबाराशे बैल, आणि त्या बैलांचा चारा वेगळा. महिनाभर एका जागी तळ पडला असे साधन म्हणत असेल आणि तो मुलूख इतके पुरवू शकत नसेल, तर आकडा नाहीतर मुदत, दोहोंपैकी एक चूक आहे.

आता तर चित्रफीत असते. मग वाद उरतोच कुठे?

१२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार चित्रित झाला होता. निजामानंतर लगेच सयाजीराव महाराजांची पाळी आली. त्यांनी एकदाच लवून मुजरा केला आणि पाठ वळवून निघाले, ठरल्याप्रमाणे मागे पावले टाकत गेले नाहीत. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी राजद्रोहाचा गिल्ला केला. महाराजांनी व्हाइसरॉयला लेखी खुलासा केला. बडोद्यात आजही हा प्रसंग स्वाभिमानाची मुद्दाम केलेली कृती म्हणून सांगतात.

चित्रफीत काय दाखवते? हालचाल. हेतू दाखवत नाही. पाठ वळणे गोंधळातून झाले की निर्धारातून, हे कॅमेऱ्यात मावत नाही. त्यासाठी त्या आधीची राष्ट्रीय चळवळीविषयीची त्यांची वागणूक, रेसिडेन्सीशी असलेला ताण, पोशाखाची निवड हे सारे पाहावे लागते. खुलाशाचे पत्र महाराजांच्याच हातचे, पण ते राज्य पणाला लागलेल्या माणसाने लिहिलेले आहे, त्यामुळे शब्दशः घेता येत नाही. उलट, ते दबावाखाली लिहिले म्हणून त्यातले सगळे खोटे असेही म्हणता येत नाही. आम्ही मुद्दाम अनादर ‘शक्य’ मानतो, शिष्टाचाराविषयीची बेफिकिरी ‘बहुधा’. अभिमान वाटतो म्हणून पायरी वर चढवायची नाही. महाराजांच्या थोरवीला त्याची गरज नाही.

प्रत्येकाचा अर्थ वेगळा, तर मग सगळेच अर्थ सारखे?

नाही. एकाच कागदाचे दोन चांगले अर्थ असू शकतात, पण वाईट अर्थ असंख्य असतात आणि ते वाईट आहेत हे दाखवता येते. ज्याला सोयीचे कागद उचलून गैरसोयीचे गाळावे लागतात तो अर्थ कोसळतो. ज्याला शब्दाचा त्या काळचा अर्थ सोडून आजचा लावावा लागतो तोही. प्रामाणिकपणाची एक परीक्षा अशी: तुमच्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता, हे तुम्हाला एका दमात सांगता येते का? येत नसेल तर वाचन अजून अपुरे आहे.

इतिहासकाराला जात, भाषा, घराणे, गाव असतेच. बडोद्यातला मराठी वाचक गायकवाडांकडे ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने त्यांच्या खंडणीखालचा काठेवाडचा गावकरी पाहत नव्हता. नजर पुसता येत नाही. कोणती नजर आहे हे सांगता येते, आणि दुसऱ्या बाजूचे कागद मागवता येतात.

कागदच नसेल, तर घडलेच नाही का?

दफ्तर हे सत्तेने आपल्या कामासाठी ठेवलेले असते. ज्याचा सत्तेशी हिशेब नव्हता त्याची नोंद होत नाही, आणि ज्या गोष्टीची सत्तेला लाज होती किंवा दखलच नव्हती तीही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ जून १९१३ रोजी शिष्यवृत्तीचा करार केला, परतल्यावर दहा वर्षे बडोदे राज्याची नोकरी करण्याचा. असा कागद दफ्तर जपते, कारण त्यात राज्याचा पैसा आहे. १९१७ मध्ये ते नोकरीवर हजर झाले तेव्हा कोणी त्यांना घर देईना, पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले, तिथून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले आणि मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले. यातले काहीही कोणत्याही खात्याच्या रुमालात (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात) नोंदले जाण्याचे कारण नव्हते. ते आपल्याला कळते, कारण सुमारे अठरा वर्षांनी त्यांनी स्वतः ते लिहून ठेवले. एकच साक्ष, तीही उशिराची आणि संबंधिताची. तरी आम्ही ती भक्कम धरतो. घराचा शोध, जागेचे वर्णन, नोकरीचा थोडा काळ आणि लगेच सोडणे हे सारे बाकीच्या माहितीशी जुळते, आणि असा अनुभव त्या काळात अपवाद नव्हता हे इतर अनेक साक्षींवरून ठाऊक आहे. एका साधनावर विसंबू नये हा नियम चांगला आहे. पण ज्यांच्याविषयी एकापेक्षा जास्त साधने निर्माणच होऊ दिली गेली नाहीत, त्यांच्यावर तो यांत्रिकपणे लावणे म्हणजे अन्याय पुन्हा करणे.

‘असे झाले नसते तर?’ हा प्रश्न इतिहासात चालतो का?

चालतो, पण त्या काळच्या माणसांसमोर ती दुसरी वाट खरोखर उघडी असेल तरच. मल्हाररावांचे थोरले भाऊ आणि आधीचे महाराज खंडेराव गायकवाड नोव्हेंबर १८७० मध्ये वारले तेव्हा त्यांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, हे सगळ्यांना माहीत होते. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली. इथे ‘मुलगा झाला असता तर’ हा प्रश्न कल्पनाविलास नाही. दरबार आणि रेसिडेन्सी आठ महिने तोच विचार करत होती. त्यातून कळते की मल्हाररावांचे राज्य, खटला, २७ मे १८७५ चे सयाजीरावांचे दत्तविधान ही मालिका अटळ नव्हती. मात्र तिथून पुढे उडी मारून ‘मग सक्तीचे शिक्षण आलेच नसते’ असे म्हणू नये. १८९३ चा अमरेलीतला प्रयोग आणि १९०६ चा राज्यभरचा कायदा यांना महाराज कारण होतेच, पण शाळा चालवण्याइतका वसूल, दिवाण सर टी. माधवराव यांनी बसवलेली कारभाराची घडी, शिक्षक मिळणे हीही कारणे होती. एका कारणावर सगळा भार टाकला की इतिहासाचा पोवाडा होतो. पोवाडा थोर असतो, फक्त तो वेगळे काम करतो.

जुन्या माणसांना आजच्या नीतीने तोलावे का?

आधी समजून घ्यावे, मग तोलायला हरकत नाही. त्यांच्याच काळात त्या गोष्टीविरुद्ध कोणी बोलत होते का, हे पाहा. बोलत असेल तर ‘तेव्हा सगळे असेच होते’ ही सबब उरत नाही.

इतिहासाची पुनरावृत्ती होते का?

नेमकी होत नाही. साधर्म्य दिसते, आणि ते शोधायला हरकत नाही, पण भाकितासाठी ते वापरू नये.

‘आमचे पूर्वज पिलाजीरावांबरोबर आले’ असे घरात सांगतात. तपासायचे कसे?

आधी पिढ्या मोजा. गुजरातेत गायकवाडांचा अंमल बसवणारे पिलाजीराव १७३२ साली डाकोरला मारले गेले. तेव्हापासून आजवर सुमारे २९० वर्षे. पिढीला २५ ते ३० वर्षे धरली तर दहा ते बारा नावे हवीत. वंशावळीत सहाच असतील तर मधली गळाली आहेत किंवा घराणे नंतर आले आहे. नंतर आले असण्यात कमीपणा काहीच नाही. १८७५ नंतर कारकुनी, शिक्षण, वैद्यकी अशा नोकऱ्यांसाठी पुष्कळ कुटुंबे आली.

मग बाहेरची साक्ष शोधा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या, गाव आणि साल मिळते. त्यातले ‘वस्ती’ हे गाव कधी बदलले ते पाहा. जमीन इनाम असेल तर बारखळीच्या (इनाम जमिनींच्या) नोंदी, शिलेदारी असेल तर फौजेचे हिशेब. घरातल्या कागदांपैकी सनद एकटी काढून चौकटीत लावू नका. रुमालात ती कोणत्या कागदांबरोबर, कोणत्या क्रमाने बांधली होती हीच अर्धी माहिती असते, आणि क्रम एकदा मोडला की परत लावता येत नाही. उघडण्याआधी बाहेरून फोटो, मग प्रत्येक कागदाला पेन्सिलीने हलका क्रमांक. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षर त्याच्याबरोबर निघते. कसर लागलेला कागद उन्हात टाकू नका, बाकीच्यांपासून वेगळा करून कोरड्या जागी ठेवा आणि दफ्तरखान्यातल्या जाणकाराला दाखवा. आजीच्या तोंडची गोष्टही त्याच दिवशी लिहून काढा: तिने ती कोणाकडून ऐकली, कोणत्या शब्दांत, आणि कुठे ती स्वतः ‘बहुतेक’ म्हणाली, हे सगळे.